खणावरचा कॉफीचा डाग

आधीच कबूल करून टाकतो. हा सगळा प्रकार घडला, तो मला तिकिटावरची तारीख नीट वाचता आली नाही म्हणून.

मी इंजिनियर. शिकागोतल्या एका कंपनीत बॉयलर आणि पाइप यांच्या सहवासात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. भूत, भानामती, अंगात येणं, स्वप्नात येऊन कुणी सांगणं... काडीचाही विश्वास नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणी असले किस्से सुरू केले की मी मुद्दाम उठून कणसं भाजायला जायचो. त्यामुळे मंडळाच्या अंकातल्या या सदरात माझं नाव बघून आमचं निम्मं नेपरव्हिल गाव हसणार आहे. हसा. मीही हसलो असतो.

तर तारीख. १९८४ च्या उन्हाळ्यात मी आणि उषा, म्हणजे माझी बायको, सांगलीहून परत येत होतो. मुंबई ते अथेन्स, तिथे विमान बदलून न्यूयॉर्क, मग शिकागो. अथेन्सहून पुढच्या विमानाची तारीख तिकिटावर दुसऱ्या दिवशीची होती. मला ती दिसली होती, नाही असं नाही. पण पश्चिमेला जाताना आपला दिवस वाचतो, तेव्हा ही तारीख 'तिकडची' असणार, असं मी उषाला समजावून सांगितलं. नॅपकिनवर पृथ्वी काढून. बाणसुद्धा दाखवले. अथेन्सच्या काउंटरवरच्या मुलीनं तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "सर, धिस इज टुमॉरो."

एरवी या एका गोष्टीवर उषानं मला दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून खाल्लं असतं. त्या दिवशी ती नुसती "बरं" म्हणाली आणि पर्स पोटाशी धरून उभी राहिली. तेव्हाच मला वाटलं, ही माझ्यावर चिडली असती तर किती बरं झालं असतं.

त्याचं कारण सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी मेधा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आदल्या थँक्सगिव्हिंगनंतर कॉलेजच्या होस्टेलमधून सामान उचलून ती एका मित्राबरोबर पश्चिमेकडे निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. जानेवारीत एकदा फोन आला, "आय ॲम ओके, डोन्ट लुक फॉर मी." त्यानंतर काहीही नाही. पोलिसांनी सांगितलं, सज्ञान मुलगी आहे, स्वतःच्या मर्जीनं गेली आहे. उषा रोज फोन पुसायची. खरंच, फडक्यानं पुसायची. सांगलीला मात्र तिनं सगळ्यांना सांगितलं की मेधाला समर स्कूल आहे म्हणून आली नाही. विचारेल त्याला तेच, हसून. महिनाभर.

निघायच्या दिवशी उषाच्या आईनं, माईंनी, तिची ओटी भरली. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो: माहेरून निघताना मुलीच्या पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण घालतात, खण म्हणजे ब्लाउजचं कापड. आणि आमच्याकडे अशी रीत आहे की जिची ओटी भरली ती त्यातले चार दाणे उचलून भरणाऱ्या बाईला परत देते. सगळंच घेऊन जायचं नाही, थोडं त्या घरी ठेवायचं. उषानं दाणे परत दिले. माईंनी उरलेले तांदूळ आणि हळकुंड त्या हिरव्या खणात गाठ मारून बांधले आणि म्हणाल्या, "हे मेधाचे. ती घरी आली की गोड भात करून घाल तिला."

'घरी आली की.' समर स्कूलला गेलेल्या मुलीबद्दल. उषानं आईकडे बघितलं, आईनं उषाकडे. नारळ मुंबईत मेहुण्याकडे फोडला. ते गाठोडं मात्र उषानं सामानात न टाकता पर्समध्ये ठेवलं.

तर अथेन्स. विमान कंपनीनं हॉटेल दिलं. सकाळी ब्रेकफास्टला उषा डोकेदुखीची गोळी शोधत होती, म्हणून पर्समधलं सगळं टेबलावर काढून ठेवलेलं. ग्रीक कॉफी म्हणजे इवलासा कप आणि तळाशी पाऊण कप चिखल. मी अमेरिकन सवयीनं तो मगासारखा धरायला गेलो आणि सगळा चिखल खणावर. पुसला, तर आणखी पसरला. कासवासारखा डाग पडला. पाठ, चार पाय, एक वाकडी मान. मी म्हटलं, "शुभ असतं कासव." उषा म्हणाली, "माईंचा खण आहे तो." एवढंच. गाठ न सोडता तिनं तो पर्समध्ये ठेवला.

हॉटेलच्या खोलीत दिवसभर तिच्यासमोर बसायचा मला धीर नव्हता. डेस्कवरच्या माणसानं एक खाजगी गाडी ठरवून दिली. ड्रायव्हर स्पिरो, पन्नाशीचा, पोटानं स्टिअरिंग सांभाळणारा. दहा वर्षं शिकागोत मामाच्या रेस्टॉरंटमध्ये काढून परत आलेला.

"नेपरव्हिल!" तो ओरडला. "तिथे तर कणसांची शेतं!"

"आता घरं झालीत," मी म्हटलं.

"कणसं चांगली होती," तो म्हणाला.

सकाळी आम्ही कॉरिंथला गेलो. वाटेत तो खोल कालवा बघितला, मग अपोलोच्या देवळाचे उरलेले खांब. ऊन असं की दगडाकडे बघवेना. देऊळ म्हटल्यावर उषानं सवयीनं सँडल काढल्या आणि दोन पावलांत उड्या मारत परत घातल्या. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू ते. मी त्या आनंदात रस्त्यावरच्या गाडीवर अर्धं कलिंगड खाल्लं. एकट्यानं.

त्या कलिंगडाचा हिशोब परतीच्या वाटेवर चुकता करावा लागला. स्पिरोला म्हटलं, बाबा, कुठेतरी थांब. तो म्हणाला, थोडं पुढे इल्युसिस लागेल, तिथे जुने अवशेष आहेत, फाटकाशी टॉयलेट आहे. "पण बघण्यासारखं काही नाही. दगड. आणि रिफायनरी." खरंच होतं. एका बाजूला तेलाच्या टाक्या, धुरांडी, गंजलेली जहाजं आणि या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी पडलेले संगमरवराचे तुकडे. वास नुसता डांबराचा. आमच्या प्लँटची आठवण आली.

मी तिकिटं काढली आणि धावलो. उषा म्हणाली, "मी सावलीत बसते."

परत आलो तेव्हा सावलीत ती नव्हती. फाटकातून आत गेल्यावर जवळच एक जुनी विहीर आहे. गोल, दगडी, फार सुबक बांधलेली. आपल्याकडच्या एखाद्या देवळाची वाटावी अशी. तिच्या कडेवर उषा बसली होती. आणि शेजारी एक म्हातारी.

मी तिला नीट बघितलं, हे मुद्दाम सांगतो. ऊन लख्ख होतं आणि मी चष्मा लावला होता. काळे कपडे, डोक्यावरून काळं फडकं, तिथल्या खेड्यातल्या बायका घेतात तसं. पाठ माझ्याकडे. पाय अनवाणी. ज्या दगडांवर आम्हाला पाऊल टेकवेना, त्या दगडांवर तिचे पाय निवांत टेकलेले होते. दोघी बोलत होत्या. म्हणजे एकमेकींकडे कलून बसल्या होत्या, मान हलत होती. मला वाटलं, चला, कुणाशी तरी बोलतेय. मी लांबच थांबलो.

मग उषा उठली. पर्समधून ते गाठोडं काढलं. आणि ती म्हातारी उठून तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी डोक्यावरच्या फडक्याचं टोक पसरलं.

मंडळी, मी चाळीस वर्षं हे बघत आलोय. आईला, आत्याला, बहिणींना. पदर दोन्ही हातांत धरायचा, थोडा खोलगट करायचा, किंचित वाकायचं. हे कुणी सांगून येत नाही. ग्रीसमधल्या म्हातारीला ते कुठून येणार? उषानं ओंजळीनं थोडे तांदूळ घातले, मग आणखी थोडे, आणि शेवटी उरलेले तांदूळ आणि हळकुंड यांच्यासकट तो खणच तिच्या ओटीत ठेवला. मेधाचे तांदूळ! माझ्या तोंडून "अगं—" निघालं. मग म्हातारीनं बोटांच्या चिमटीत काहीतरी घेऊन उषाच्या पदरात टाकलं. चार दाणे परत. आमच्या सांगलीच्या घरातल्यासारखे.

फडकं छातीशी धरून ती चालू लागली. घाईबिई काही नाही. दगडांमधून वर, टेकडीच्या बाजूला, आणि एका कोपऱ्याआड गेली.

मी उषाजवळ आलो. "कोण होती?"

"माहीत नाही."

"काय बोलत होतात?"

"मेधाबद्दल."

"कुठल्या भाषेत?"

उषानं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आठवायचा प्रयत्न करत होती. "बोललो की..." ती म्हणाली. "ती पण बोलली."

मी त्या कोपऱ्याशी गेलो. का गेलो? बहुधा त्या बाईला थोडं पाणी विचारावं म्हणून. तांदूळ परत मागायला नक्कीच नाही... निदान असं मी स्वतःला सांगतो. पुढे वाटच नव्हती. खडकात एक गुहेसारखी खोबण, चार माणसं जेमतेम उभी राहतील एवढी. मागे सरळ कातळ. रिकामी. पण आतून गार हवा येत होती, तळघराचं दार उघडल्यावर येते तशी. आणि डांबराच्या वासाच्या गावात, त्या भाजणाऱ्या दुपारी, तिथे ओल्या मातीचा वास होता. नुकत्याच नांगरलेल्या शेताचा. मी म्हटलं, बाहेर ऊन आहे, आत सावली आहे, तापमानात फरक पडणारच. इंजिनियर ना. आणि मग पाठ न फिरवता, पाय मागे टाकत बाहेर आलो.

फाटकावरच्या माणसाला स्पिरोनं विचारलं. तो म्हणाला, जेवणवेळेपासून तुम्हा दोघांखेरीज आत कुणी गेलेलं नाही. काळे कपडे घातलेली म्हातारी? अर्ध्या गावात काळे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या आहेत, पण तिकीट काढून दगड बघायला कोण येतं?

गाडीत उषानं पदराची गाठ उघडून दाखवली. ते तांदूळ नव्हते. सातूचे दाणे होते, टरफलासकट.

"त्या विहिरीपाशी बसला होतात?" स्पिरोनं आरशातून विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता. "माझी आजी तिथे बसू द्यायची नाही. म्हणायची, ती देवीची जागा. धान्याची देवी. तिच्या मुलीला पाताळाचा राजा पळवून घेऊन गेला. आई म्हातारीचं रूप घेऊन रानोमाळ शोधत फिरली. खायची नाही, प्यायची नाही. आणि इथे येऊन त्या विहिरीवर बसली. आणि मग—" तेवढ्यात डावीकडून एक ट्रक आडवा आला. स्पिरोनं ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढून त्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, आणि त्या नादात गोष्ट तिथेच राहिली. आम्हीही विचारली नाही. उषा समुद्राकडे बघत होती.

न्यूयॉर्कला कस्टम्सनं आमचं कैरीचं लोणचं काढून घेतलं. "बिया, धान्य, माती?" अशा प्रश्नावर मी घाबरून इतका वेळ "नो नो नो" म्हणत राहिलो की त्यांनी माझे बूटसुद्धा तपासले. उषाच्या पदराची गाठ कुणी पाहिली नाही.

घरी आल्यावर एका शनिवारी मी पब्लिक लायब्ररीत जाऊन त्या गोष्टीचा शेवट वाचला. आई रुसली तेव्हा पृथ्वीवर धान्य उगवेना. शेवटी देवांनी तडजोड केली. मुलगी परत मिळाली. पण पूर्ण नाही... वर्षाचे काही महिने तिला खाली, त्या अंधारात जावंच लागतं. मी पुस्तक मिटलं. घरी येऊन उषाला काही सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी नवरात्र आलं. त्या वर्षी उषा घट बसवेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं मला माती आणायला पाठवलं आणि ते सातूचे दाणे त्यात पेरले. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एका सकाळी हिरवी टोकं वर आली. आणि त्याच दुपारी, मी पुढच्या अंगणात मेपलची पानं गोळा करत होतो, तर ट्रेन स्टेशनच्या बाजूनं पाठीवर पिशवी घेतलेली एक बारीक मुलगी चालत आली. मी म्हटलं, चर्चची पत्रकं वाटायला आलेली असणार. "नो, थँक यू" म्हणायला हातसुद्धा वर केला.

"बाबा," ती म्हणाली. "इट्स मी."

आत काय झालं ते लिहीत नाही. ते आमचं आहे. खूप वेळानं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दोन वेळा जेवल्यावर मेधा म्हणाली, "मॉम, हू वॉज दॅट लेडी?"

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, मैलोगणती गव्हाच्या शेतांमधलं एक छोटं गाव. मित्र तिला तिथे टाकून गेला होता. ती एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होती आणि हळूहळू तिनं उठणंच सोडलं होतं. खायची नाही. दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. "आय वॉज काइंड ऑफ डन, मॉम," ती टेबलाकडे बघत म्हणाली. उन्हाळ्यात एके दिवशी बेसमेंटचं दार उघडलं आणि काळ्या कपड्यातली एक म्हातारी पायऱ्या उतरून आली. अनवाणी. समोर उभी राहिली. हातानं नुसतं खुणावलं: पुढे धर.

"अँड आय हेल्ड आउट माय शर्ट," मेधा म्हणाली आणि टी-शर्टचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरून दाखवलं. थोडं खोलगट. किंचित वाकून. आम्ही तिला हे कधी शिकवलं नव्हतं. "ती मी उठेपर्यंत थांबली. मग गेली." बसच्या भाड्यापुरते पैसे जमवायला मेधानं बेकरीत काम धरलं, म्हणून यायला ऑक्टोबर उजाडला.

मग तिनं पिशवीतून ते काढलं. हिरवा खण. त्यात तांदूळ, हळकुंड. आणि वर एक कासव. पाठ, चार पाय, वाकडी मान.

मी त्याला हात लावला नाही. माईंनी दुसरा खण पोस्टानं पाठवला? त्यांना पत्ता कुठून? आम्हालाच नव्हता. स्पिरो? त्याला तर आमचं आडनावसुद्धा उच्चारता येत नव्हतं. मेधा जाताना घरातूनच एखादा खण घेऊन गेली असेल? मग माझी कॉफी त्यावर कशी? तो दिवस नेमका कुठला, हे मी मेधाला विचारलं नाही. विचारलं की हिशोब करावा लागेल, आणि हिशोब जुळला तर... आजतागायत विचारलेलं नाही.

उषानं त्याच संध्याकाळी त्या तांदळांचा गोड भात केला. मेधानं पातेलं चाटून पुसून संपवलं.

याला आता चार वर्षं झाली. मेधा परत कॉलेजला गेली. यंदा शिक्षण संपवून नोकरीला लागली. पण दर वर्षी बर्फ पडायला लागलं की तिचे फोन कमी होतात, आवाज लांबून आल्यासारखा येतो. घरी असली तर खालच्या बेसमेंटमध्ये जाऊन तासन्‌तास बसते. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, नावही आहे त्याला. मार्चमध्ये ती वर येते. मी लायब्ररीत वाचलेलं कुणाला बोललो नाही, पण डिसेंबर लागला की मला त्या खोबणीतली गार हवा आठवते. उषा मात्र त्या महिन्यांत ओरडत नाही, रडत नाही. रोज एकदा जेवणाचं ताट घेऊन खाली जाते आणि ती उठेपर्यंत तिथेच थांबते.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर कळवावं. मी वाद घालणार नाही.

हे लिहून झाल्यावर, लायब्ररीचा भाग तेवढा वगळून, उषाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. कलिंगडाचा भाग गाळा म्हणाली. मग मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात हात थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तिची लेक मिळाली का हो तिला? मी आपलं माझंच सांगत बसले... तिला विचारलंच नाही."